डोमिनिकाला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचून जा

कॅरिबियन म्हटलं की पांढरी वाळू, निळं पाणी आणि हातात नारळ एवढंच ज्यांच्या डोक्यात आहे त्यांना आधीच सांगतो, डोमिनिकाला जाऊ नका. बार्बाडोसला जा, अँटिग्वाला जा, पैसे वसूल होतील. डोमिनिकाचे किनारे बरेचसे काळ्या वाळूचे नाहीतर दगडगोट्यांचे, मोठमोठी रिसॉर्ट्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि पाऊस कधी येईल याचा नेम नाही. पण पावसाळ्यात सह्याद्रीत चिखल तुडवत, ओढ्यात पाय घालत फिरायला ज्याला आवडतं, त्याच्यासाठी याच्यासारखा देश नाही.

स्टेप १: आधी देश नीट ओळखा आणि तिकीट त्याच देशाचं काढा

हसू नका. डोमिनिका आणि डोमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत, दुसरा कितीतरी मोठा, स्पॅनिश बोलणारा, आणि बुकिंग साइटवर नुसतं "डोमिनि" टाइप केलं की बहुतेक वेळा तोच आधी वर येतो. आपल्याला हवा तो विमानतळ म्हणजे डग्लस-चार्ल्स, कोड डीओएम. सँटो डोमिंगो किंवा पुंता काना दिसलं की समजायचं गाडी चुकली. हॉटेल बुक करतानासुद्धा पत्त्यात रोझो (ही राजधानी) किंवा पोर्ट्समथ (हे उत्तरेचं गाव) आहे ना ते बघा.

आपला देश म्हणजे मार्टिनिक आणि ग्वादलूप या दोन फ्रेंच बेटांच्या मधला ७५० चौरस किलोमीटरचा हिरवागार डोंगर, माणसं सत्तर हजारांच्या आसपास. ब्रिटिशांकडून ३ नोव्हेंबर १९७८ ला स्वातंत्र्य मिळालं. भाषा इंग्रजी, घरात आणि बाजारात क्रेयोल, म्हणजे फ्रेंचवरून तयार झालेली तिथली बोली. आपल्याकडे याचं नाव बातम्यांत गाजलं ते २०२१ मध्ये, मेहुल चोक्सीला तिथे पकडलं तेव्हा. आणि क्रिकेटवाल्यांना आठवत असेल, जुलै २०२३ मध्ये यशस्वी जयस्वालने पदार्पणातच १७१ मारले ते रोझोच्या विंडसर पार्कवर, त्याच मॅचमध्ये रोहितची सेंच्युरी आणि अश्विनच्या १२ विकेट, तीन दिवसात खेळ खल्लास. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

गरीब का आहे हेही थोडं माहीत असू द्या, म्हणजे तिथे गेल्यावर "अरे हे असं का" असे प्रश्न पडणार नाहीत. एकेकाळी देश केळ्यांवर चालायचा. ब्रिटन आणि युरोप जुन्या वसाहतींची केळी सवलतीने घ्यायचे, मग अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी तक्रार केली, १९९७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा निकाल विरोधात गेला आणि डोंगरउतारावरच्या छोट्या शेतकऱ्याला मोठमोठ्या मळ्यांशी भावात टक्कर देता येईना. जळगावकडच्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यावर २०१५ मध्ये एरिका वादळ आलं आणि १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री मारिया आलं, थेट कॅटेगरी ५, म्हणजे सगळ्यात जोरदार. देशातल्या बहुतेक सगळ्या घरांची छपरं उडाली किंवा मोडली, पंतप्रधानांच्या घराचंसुद्धा छप्पर गेलं आणि ते त्यांनीच फेसबुकवर लिहिलं. नुकसान किती तर देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या २२६ टक्के. म्हणजे दोन वर्षं सगळ्या देशाने फुकट राबलं तरी भरून निघणार नाही. आता बरंच उभं राहिलंय, पण मधेच बिनछपराचं घर, अर्धवट पूल, खचलेला रस्ता दिसला तर ती गोष्ट तिथली आहे.

स्टेप २: व्हिसा, आणि खरा त्रास म्हणजे वाटेतला व्हिसा

भारतीय पासपोर्टवर डोमिनिकाला टुरिस्ट म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही. हे ऐकून लोक खुश होतात आणि तिकीट काढून मोकळे होतात, आणि मग कळतं की तिथपर्यंत पोचायलाच व्हिसा लागतो. भारतातून थेट फ्लाइट नाही. रस्ते साधारण असे: अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर मायामीहून अमेरिकन एअरलाइन्सची थेट फ्लाइट, हे सगळ्यात सोपं. न्यू जर्सीकडच्या मंडळींसाठी २०२५ मध्ये नेवार्कहूनही युनायटेडची आठवड्यातून एकदा सुरू झाली, पण सीझनप्रमाणे बदलतं तेव्हा तारखा बघून घ्या. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतोच, एअरपोर्टच्या बाहेर पडणार नाही वगैरे तिथे चालत नाही.

दुसरा रस्ता लंडनहून बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानाने डोमिनिका. बार्बाडोस भारतीयांना व्हिसा मागत नाही, पण लंडनच्या ट्रान्झिटचे नियम तुमच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा व्हिसा आहे त्यावर ठरतात, ते ब्रिटनच्या सरकारी साइटवर स्वतः बघा, एजंटच्या तोंडावर जाऊ नका. अँटिग्वामार्गे जाणार असाल तर तिथलाही नियम वेगळा आहे, तोही बघा.

तिसरा रस्ता पॅरिसहून ग्वादलूप किंवा मार्टिनिक आणि तिथून फेरीबोटीने डोमिनिका. दिसायला फार गोड, बोटीतून बेट जवळ येताना बघायला मस्तच, पण एक मेख आहे. ही बेटं फ्रान्सची असली तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपी देशांच्या गटात, येत नाहीत, त्यामुळे साधा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालेल असं समजू नका. व्हिसा काढतानाच फ्रेंच कॉन्सुलेटकडे त्या बेटांचं नाव घेऊन विचारा.

जाताना परतीचं तिकीट आणि राहायच्या जागेचा पत्ता प्रिंट काढून ठेवा. गयाना, ब्राझील अशा यलो फीव्हरवाल्या देशांतून जाणार असाल तर त्या लसीचं कार्ड लागतं, आणि भारतात परत येतानाही ते विचारतात.

स्टेप ३: कधी जायचं

फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात कोरडं, म्हणजे कोरडं म्हणजे आपल्या अर्थाने नाही, डोंगरात तेव्हाही सरी येतातच. जून ते नोव्हेंबर वादळांचा सीझन. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सप्टेंबरमध्ये जाऊ नका. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र क्रेयोल संगीताचा मोठा फेस्टिव्हल असतो आणि सगळा देश चौकड्यांच्या मद्रासी कापडाचे कपडे घालून फिरतो, हो, मद्रासच, आपल्या चेन्नईचंच कापड ते. त्या वेळी जायचं तर वादळाचा इन्शुरन्स घेऊन जा आणि खोली फार आधी बुक करा.

इन्शुरन्स तसाही घ्याच, आणि त्यात आजारपणात दुसऱ्या बेटावर हलवायचा खर्च आहे का ते वाचा. रोझोला हॉस्पिटल आहे, पण मोठं काही झालं तर पेशंटला बेटाबाहेर न्यावं लागतं आणि ते बिल बघून चांगला माणूस आजारी पडेल.

स्टेप ४: बॅग भरताना

मिलिटरी छापाचे कपडे, कॅमोफ्लाज, घरी ठेवा. पँट, टोपी, बॅग, लहान मुलाचा टीशर्टसुद्धा नको. डोमिनिकात आणि आजूबाजूच्या बऱ्याच बेटांवर ते सामान्य माणसाने घालणं कायद्याने बंद आहे, आणि आपल्याकडे ट्रेकला नेमकी तीच पँट निघते.

चांगली ग्रिप असलेले, ओले होऊन लवकर वाळणारे बूट. पातळ रेनकोट. छत्री जंगलात काही कामाची नाही. डासांचं क्रीम, कारण मलेरियाची भीती नाही पण डेंग्यू आहे. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा, व्होल्टेज आपल्यासारखंच, त्यामुळे फक्त अडॅप्टर न्या. सिम तिथे गेल्यावर डिजिसेल किंवा फ्लोचं मिळतं, पण डोंगरात रेंज जाते हे गृहीत धरून ऑफलाइन मॅप आधीच उतरवून ठेवा. गोळ्या-औषधं लागतील तेवढी इथूनच न्या.

स्टेप ५: पैसे

तिथलं चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर, सगळे त्याला ईसी म्हणतात. १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० ईसी हा भाव बांधलेला आहे, त्यामुळे हिशोब सोपा. अमेरिकन डॉलर दुकानात, टॅक्सीत घेतात, सुट्टे मात्र ईसीत परत देतात. एकच सवय लावून घ्या, कोणीही किंमत सांगितली की लगेच विचारा, ईसी की यूएस? "ट्वेंटी" म्हणजे कुठले ट्वेंटी यात जवळजवळ तिपटीचा फरक आहे. आधी विचारलं की कोणाला राग येत नाही, नंतर वाद घातला की दोघांचाही मूड जातो. कार्ड मोठ्या हॉटेलात आणि सुपरमार्केटमध्ये चालतं, गावात आणि बाजारात रोख. छोट्या नोटा ठेवा.

आता थोडं स्पष्ट बोलतो. गरीब देश म्हणून सगळं स्वस्त असेल हा गैरसमज काढून टाका. बेटावर बरंच काही बोटीतून येतं, दूध, चीज, पॅकेटबंद खाणं आपल्यापेक्षा महाग आहे. स्वस्त काय, तर जे तिथे उगवतं ते. आणि घासाघीस करायची जित्याची खोड असेल तर ती विमानातच सोडा. बाजारात बाई दोन अननसांचे जे काय सांगते ते द्या. तिने सांगितलेला भाव बहुतेक तोच असतो जो शेजारणीला सांगितला असता.

स्टेप ६: उतरल्यावर

विमानतळ ईशान्येला, राजधानी रोझो नैऋत्येला, मधे अख्खा डोंगर. साठेक किलोमीटरला सव्वा ते दीड तास धरा, आणि ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी विमानातच घ्या. नवीन इंटरनॅशनल एअरपोर्टचं काम वेस्लीला चाललंय, तोवर हेच. टॅक्सी आधी हॉटेलला सांगून ठेवा.

स्वतः गाडी चालवायची तर चालवणं डावीकडून, त्यामुळे आपल्याला सवयीचं. व्हिजिटर परमिट घ्यावं लागतं, साधारण १२ अमेरिकन डॉलर, गाडी भाड्याने देणारेच करून देतात. पण रस्ते ताम्हिणीच्या जुन्या रस्त्यासारखे, वळणावर हॉर्न, आणि बाजूला साइडपट्टी नाही, थेट सिमेंटचं खोल गटार. समोरून ट्रक आला की आपण डावीकडे घेतो आणि चाक गटारात, त्यामुळे पहिल्या दिवशी हळू. अंधारात टाळाच.

नाहीतर मिनीबस आहेत, नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते ती. हात केला की थांबते, भरली की निघते, गाणी मोठ्याने. रोझो ते पोर्ट्समथ आरामात जाता येतं आणि टॅक्सीच्या मानाने काहीच भाडं नाही. पण संध्याकाळनंतर आणि रविवारी बस मिळेल यावर काही ठरवू नका. रविवारी तसंही सगळं बंद, लोक चर्चला.

बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, रस्ता विचारताना, आधी गुड मॉर्निंग किंवा गुड आफ्टरनून म्हणायचं आणि मगच पुढचं बोलायचं. हे फार महत्त्वाचं आहे. आपण एकदम "हाऊ मच" म्हणून सुरू करतो ते तिथे उद्धट वाटतं, उत्तरही तसंच तुटक मिळतं. संध्याकाळी भेटल्यावर गुड नाइट म्हणतात, तो निरोप नसतो, नमस्कार असतो, तुम्ही पण म्हणा. स्विमिंगच्या कपड्यात गावात फिरू नका. आणि बोलणं पुढे न्यायचं असेल तर इंडिया, क्रिकेट, जयस्वाल. एका टॅक्सीवाल्याने मला त्या मॅचमधला अश्विन किती वळवत होता ते स्टीअरिंगवरचा एक हात सोडून मनगट फिरवून दाखवलं, घाटात. मी म्हटलं कळलं कळलं, दोन्ही हात धरा.

स्टेप ७: राहायचं कुठे

रोझो, पोर्ट्समथ, आणि डोंगरात लॉडा, या तीन जागा पुरतात. माझं मत विचाराल तर फॅमिली गेस्टहाऊस किंवा होमस्टे घ्या. एका कुटुंबाच्या घरातल्या खोलीचे पैसे त्या घरात जातात, मोठ्या हॉटेलातले कुठे जातात ते आपल्याला कळत नाही. पोर्ट्समथला तर हे जास्तच लागू आहे. तिथे एक मोठं अमेरिकन मेडिकल कॉलेज होतं, भारतीय वंशाचे पण बरेच विद्यार्थी शिकून गेले, मारियानंतर ते कॉलेज बार्बाडोसला हललं आणि गावातल्या खोल्या भाड्याने देणारे, डबे देणारे, टॅक्सीवाले सगळ्यांचा धंदा बसला.

स्टेप ८: काय बघायचं, कशात वेळ घालवायचा

बॉयलिंग लेक, म्हणजे उकळत्या पाण्याचं तळं. बाकी काही नाही झालं तरी चालेल, हे करा, पण तब्येत असेल तर. मॉर्न त्र्वा पितों नॅशनल पार्कमध्ये आहे, १९९७ पासून युनेस्कोच्या यादीत. लॉडा गावाजवळून, टिटू गॉर्जपासून वाट सुरू होते आणि जाऊन-येऊन सहा ते आठ तास लागतात. सकाळी लवकर निघा. गाइड घ्याच, इथे कंजूषी नको, ढग उतरले की समोरचा माणूस दिसत नाही आणि पुढे जमीन कुठे पक्की कुठे पातळ हे त्यालाच माहीत असतं. त्या बाजूला केबल कारचं मोठं काम निघालंय त्यामुळे कुठली वाट चालू आहे तेही तोच सांगेल.

आधी जंगल, मग ब्रेकफास्ट रिव्हर, इथे बाटल्या भरून घेतात कारण पुढच्या ओढ्यांचं पाणी पिण्यालायक नाही. मग मॉर्न निकोल्सची चढण, लाकडाच्या ओंडक्यांच्या पायऱ्या, गुडघे बोलायला लागतात. वर पोचलात की पलीकडे व्हॅली ऑफ डेसोलेशन दिसते, आणि तिथे उतरलं की झाडंच संपतात. पिवळी, राखाडी, नारिंगी जमीन, जागोजागी वाफ, सडक्या अंड्यासारखा वास, एक ओढा दुधासारखा पांढरा, दुसरा शाईसारखा काळा, एकात हात घातला तर कोमट आणि दोन पावलांवरच्यात घातला तर सोलून निघेल. बऱ्याच गाइड लोकांकडे अंडी असतात, तिथल्या उकळत्या खळग्यात टाकून उकडून देतात, आणि राखाडी चिखल चेहऱ्याला लावून घ्या म्हणतात. गाइडच्या पावलावर पाऊल, इकडेतिकडे फोटोसाठी जायचं नाही. मग अजून थोडं चाललं की कड्याखाली ते तळं, साधारण साठ मीटर रुंद, मधे पाणी खदखदतंय आणि वाफेने अर्धा वेळ काही दिसत नाही. वारा आला की पडदा सरकल्यासारखं एकदम दिसतं. कडेचंच पाणी ८० अंशांच्या वर असतं, त्यामुळे खाली उतरायचा विचारही नको. परत आल्यावर टिटू गॉर्जच्या थंड पाण्यात डुंबता आलं तर पाय पुन्हा आपले वाटतात.

आपल्या ट्रेकवाल्यांसाठी एक चांगली बातमी, डोमिनिकात विषारी साप नाहीत. किनाऱ्यावर मात्र मँचिनील नावाचं झाड ओळखायला शिका, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात, ती खायची नाहीतच पण पावसात त्याच्याखाली उभंही राहायचं नाही, पानांवरून पडणाऱ्या पाण्याने कातडीवर फोड येतात. आणि नदीत उतरला असाल आणि वर डोंगरात पाऊस दिसला तर लगेच बाहेर.

ट्रॅफल्गर धबधबे आणि एमरल्ड पूल सोपे, म्हातारी माणसं आणि मुलं घेऊनही जमतात. सरकारी जागांना पास लागतो, एका जागेचा साधारण ५ अमेरिकन डॉलर, जास्त जागा बघणार असाल तर आठवड्याचा पास परवडतो. एक करा, रोझोला क्रूझचं जहाज कधी लागणार ते हॉटेलमध्ये विचारा आणि त्या दिवशी या जागा सोडून उत्तरेला जा, नाहीतर धबधब्यापेक्षा माणसं जास्त दिसतील.

उत्तरेला पोर्ट्समथला इंडियन रिव्हर, वल्ह्याच्या होडीतून, मोटर लावायला बंदी आहे त्यामुळे शांत. जवळच फोर्ट शर्ली, तिथे १८०२ मध्ये आफ्रिकन शिपायांनी ब्रिटिशांविरुद्ध बंड केलं होतं, आपल्या ५७ च्याही आधी. दक्षिणेला शँपेन रीफ, समुद्राच्या तळातून ज्वालामुखीच्या गॅसचे बुडबुडे येतात आणि त्यातून पोहायचं. देवमासे, म्हणजे स्पर्म व्हेल, वर्षभर असतात, २०२३ मध्ये त्यांच्यासाठी सुमारे ८०० चौरस किलोमीटर समुद्र राखीव ठेवायचं सरकारने जाहीर केलं. बोटीतून बघा. पाण्यात उतरून बघायचं तर वेगळं परमिट लागतं, त्याशिवाय कोणी "चला मी नेतो" म्हणाला तर नाही म्हणा.

पूर्वेला कालिनागो टेरिटरी, कोलंबसच्या आधीपासूनच्या लोकांची, १९०३ मध्ये राखून दिलेली सुमारे ३,७०० एकर जमीन. २०२३ मध्ये देशाच्या राष्ट्रपती झालेल्या सिल्व्हनी बर्टन याच समाजाच्या आहेत. तिथे लारुमा नावाच्या वेताच्या टोपल्या विणतात, रस्त्याकडेच्या टपरीवरून घ्या, ज्याने विणली त्याच्याच हातात पैसे पडतात. कसावाची (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाची) भाकरी गरमगरम मिळाली तर खा. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि मुलांना चॉकलेट-पैसे वाटत फिरू नका प्लीज, ते आपल्याला बरं वाटायला असतं. शाळेला काही द्यायचं असेल तर शाळेत जाऊन शिक्षकांना विचारा काय हवंय.

स्टेप ९: खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांचं

घाबरू नका, थेपले न्यायची गरज नाही. कॅलालू सूप मागा, ते तिथे अळूच्या पानांचं करतात, त्यांच्याकडे त्या कंदाला डॅशीन म्हणतात. फदफदं खाल्लेल्याला पहिल्या चमच्यात ओळख पटेल, फक्त विचारून घ्या, कारण खूपदा त्यात खेकडा नाहीतर मटण असतं. ब्रेडफ्रूट म्हणजे कोकण-गोव्याचा नीरफणस, भाजून देतात, जबरदस्त. केळी, याम (एक कंद), डॅशीन यांना मिळून प्रोव्हिजन्स म्हणतात, ताटात उकडून येतं. रास्ताफारी या कॅरिबियन धर्मपंथाच्या लोकांची इटल, म्हणजे त्यांच्या पद्धतीच्या जेवणाची, छोटी हॉटेलं असतात, पूर्ण शाकाहारी, डाळ-भाज्या-नारळाचं दूध, मीठ मात्र कमी, जवळ ठेवा. मासे खाणाऱ्यांची तर चंगळ. मेनूवर माउंटन चिकन असं कधी दिसलं तर ती कोंबडी नव्हे, मोठा बेडूक आहे, आता जवळजवळ नामशेष आणि मारायला बंदी. सकाळी कोको टी प्या, संध्याकाळी कुबुली बिअर, तिथलीच.

शनिवारी सकाळी रोझोच्या नदीकाठच्या बाजारात जाच, लवकर, दहाच्या आत. अळूच्या गड्ड्या, आलं, जायफळ, फुलं, भाजलेली मक्याची कणसं, आणि बायका एकमेकींवर ओरडत क्रेयोलमध्ये हसत असतात. फोटोआधी काहीतरी विकत घ्या.

स्टेप १०: परत निघताना

विमानतळाला जायला हातात भरपूर वेळ ठेवा, पाऊस झाला की रस्त्यावर दरड येते. ईसी नोटा भारतात कोणी बदलून देत नाही, शिल्लक असतील तर गेस्टहाऊसमधल्या बाईंना नाहीतर टॅक्सीवाल्याला देऊन टाका किंवा तिखट सॉस घ्या. सॉस चेक-इन बॅगेत, दोन पिशव्यांत घट्ट बांधून, आणि टोपली हातात, बॅगेत घातली तर दबते. फळं, रोपं, बिया आणू नका, अमेरिकेच्या कस्टममध्ये हमखास काढून घेतात.